घरपोचचे पैसे घ्या, पण भाव सांगतानाच सांगा

घरी आणून देण्याचे पैसे घेऊ नका, असं माझं अजिबात म्हणणं नाही. कुणीतरी पेट्रोल जाळतो, खड्ड्यांतून गाडी काढतो, जिने चढून दारात येतो. त्याचे पैसे द्यायलाच हवेत. माझा राग आहे तो ते पैसे काढायच्या पद्धतीवर. आधी एक भाव दाखवायचा, माणसाला निवडायला लावायचं, पत्ता भरून घ्यायचा, आणि अगदी शेवटी, पैसे भरायच्या बटणाच्या वर, बारीक अक्षरांत एकेक आकार जोडत जायचा.

एक बिलच मांडते. आमच्याकडे कोथरूडला एक साधी खानावळ आहे. तिथे बसून पिठलं-भाकरीची थाळी खाल्ली तर 160 रुपये, 5 टक्के जीएसटी धरून 168. सप्टेंबरअखेरच्या पावसात मी तीच थाळी ॲपवरून मागवली. ॲपवर भाव 195. पॅकिंगचे 20. डिलिव्हरीचे 35. प्लॅटफॉर्म फी 12. पाऊस आहे म्हणून वेगळे 20. त्यावर कर. सगळं मिळून 300 च्या वर. आता यातला फरक नीट बघा. 160 चे 195 झाले, ते 35 रुपये बिलात कुठेच ‘डिलिव्हरी’ म्हणून दिसत नाहीत. ते थाळीच्या भावात मुरवलेले आहेत. म्हणजे आणून देण्याचे पैसे मी एकदा भावात दिले, मग उघडपणे दिले, मग पावसाचे म्हणून दिले. आणि त्या बिलाखाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं की कूपनमुळे तुमचे अमुक रुपये वाचले.

खानावळीच्या मालकांना मी विचारलं. ते म्हणाले, “ताई, कमिशन जातं, जाहिरातीचे वेगळे जातात, वर सवलतीतला वाटा आमचाच. भाव वाढवला नाही तर भाकरी आम्हालाच महाग पडते.” मला त्यांचं पटतं. हॉटेलवाल्यांची ही तक्रार जुनीच आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे अर्ज केला आणि एप्रिल 2022 मध्ये आयोगाने मोठ्या ॲपची चौकशी करायचा आदेश दिला. तिकडचं तिकडे होत राहील. इथे मात्र खानावळवाला ॲपला देतो ते पैसे शेवटी माझ्याच थाळीतून निघतात, आणि ते मला कुणी सांगत नाही.

प्लॅटफॉर्म फी या आकाराचं मला कधीच समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. आणून देण्याचे पैसे वेगळे, हॉटेलकडून कमिशन वेगळं, मग हे कशाचे? ॲप उघडल्याचे? स्विगी आणि झोमॅटो या दोघांनीही ही फी 2023 मध्ये ऑर्डरमागे 2 रुपयांनी सुरू केली. झोमॅटोची सप्टेंबर 2025 मध्ये 12 रुपये झाली. दोन वर्षांत सहापट. थाळीचा भाव दोन वर्षांत सहापट झाला असता तर गावभर बोभाटा झाला असता. ही रक्कम लहान आहे म्हणून कुणी बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून ती वाढते.

“एवढं आहे तर मागवू नका, जाऊन खा,” हे मला कायम ऐकायला मिळतं. माझं एक वेळ ठीक आहे. मी जाऊ शकते. माझी आई डोंबिवलीला एकटी राहते. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिच्या घरची भाजी, दूध, गोळ्या मी पुण्यात बसून फोनवरून मागवते. माझ्या वयाच्या किती तरी जणी हेच करत असतील. कुणाची आई सांगलीला, कुणाचे सासरे नाशिकला. आमच्यासाठी ही चैन नाही, घर चालण्याचा भाग आहे.

आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त कापलं जातं. आईला रक्तदाबाच्या गोळ्यांची एक स्ट्रिप हवी असते, साधारण 90 रुपयांची. ऑर्डर लहान म्हणून दंड, हाताळणीचे वेगळे, आणून देण्याचे वेगळे. मग ॲप सुचवतं, आणखी अमुक रुपयांचं घ्या म्हणजे डिलिव्हरी मोफत. मग मी नको असलेली बिस्किटं घालते, दुसरा साबण घालते. आईच्या कपाटात न लागणाऱ्या वस्तू साठत जातात आणि ती मला फोनवर विचारते, “अगं, हे कशाला पाठवलंस?” बेतात राहणाऱ्या, एकट्या, थोडंसंच लागणाऱ्या माणसाला सगळ्यात महाग पडावं अशीच ही रचना आहे. याचा मला मनापासून संताप येतो.

आमच्या जुन्या वाण्याकडेही सामान थोडं असलं तर मुलगा पाठवत नसत. पण ते फोनवरच सांगायचे, “वहिनी, एवढ्याशासाठी नाही जमायचं, संध्याकाळी बाकीच्यांबरोबर पाठवतो.” विषय संपला. नकारसुद्धा आधी कळायचा.

यावर कायदा नाही असं समजू नका. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै 2020 पासून लागू आहेत. विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगायची, आणि डिलिव्हरी, हाताळणी, कर असे सक्तीचे नि ऐच्छिक आकार फोडून दाखवायचे, असं त्यात आहे. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती धरता येत नाही, असंही त्यात आहे. पुढे 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाची फसगत व्हावी अशीच केलेली ॲपची किंवा वेबसाइटची मांडणी. फसवणुकीचे 13 प्रकार त्यात नावानिशी दिलेत. आकार सुरुवातीला लपवून शेवटी काढणं हा त्यातलाच एक प्रकार. न मागितलेली वस्तू किंवा देणगी परस्पर बिलात सरकवणं, हा दुसरा. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करा. परीक्षार्थ्याने आपलाच पेपर आपणच तपासायचा, तसं हे झालं. बाहेरचा तपासनीस, जाहीर निकाल आणि जाणवेल एवढा दंड, याशिवाय हे थांबणार नाही असं माझं ठाम मत आहे.

आईच्या एका ऑर्डरमध्ये आधीच टिक केलेली देणगी होती. रक्कम अगदी किरकोळ. मी त्या कंपनीकडे तक्रार केली, आणि चिकाटीने मागे लागल्यावर पैसे परत आले. पुढच्या ऑर्डरला ती टिक तशीच होती. जो भांडतो त्याचे परत करायचे आणि बाकी सगळ्यांकडून घेत राहायचं, हा सरळ हिशोब आहे.

आता त्या पावसाच्या 20 रुपयांबद्दल. थाळी घेऊन आलेला मुलगा नखशिखान्त भिजला होता. त्याला टॉवेल दिला, चहा विचारला, आणि हेही विचारलं की पावसाचे पैसे तुला मिळतात का. तो म्हणाला, “कधी मिळतात, कधी नाही. कसं ठरतं ते आम्हाला कळत नाही.” मी त्याच्या नावाने पैसे देते आणि त्यालाच ठाऊक नाही की ते त्याला मिळणार का. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता हा केंद्राचा कामगार कायदा लागू झाला आहे. या मुलांच्या सुरक्षेसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे, अशी तरतूद त्यात आहे. चांगली गोष्ट. पण तोही आकार उद्या आमच्याच बिलात नव्या नावाने येईल, ही भीती मला आहेच. म्हणून बिलात एक ओळ सक्तीची करा: या ऑर्डरमधले इतके रुपये आणून देणाऱ्याला गेले. तेवढी ओळ दिसली तर पावसाचे 20 काय, 40 सुद्धा मी आनंदाने देईन.

आणि भाव दाखवताना पहिल्याच पानावर लिहा, ‘थाळी, तुमच्या घरी, 300 रुपये’. मग मागवायची की छत्री घेऊन खानावळीत जायचं, ते मी ठरवेन.

तोवर मी पहिल्या पानाचा आणि शेवटच्या बिलाचा असे दोन्ही स्क्रीनशॉट ठेवते आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवते. आधी कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक जवळ ठेवा, तो उपयोगी पडतो. रक्कम 5 रुपये असली तरी नोंदवा, लाजू नका. इथे कुणी हॉटेल चालवत असेल किंवा डिलिव्हरीचं काम करत असेल तर कृपया कमेंटमध्ये लिहा, एका ऑर्डरमधले तुमच्या हातात प्रत्यक्ष किती येतात. ग्राहकाला त्याच्या बाजूचं बिल तरी दिसतं. तुमच्या बाजूचं आम्ही कधी पाहिलेलंच नाही.