वेळेवर येणारा झरा

आमच्या मुलुंडला डोंगर आहे, डोंगरात बिबटे आहेत आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे झराही निघाला. शोध दुसऱ्या मजल्यावरच्या नानांचा. नाना पहाटे फिरायला जातात आणि रिकाम्या हाताने परतत नाहीत. कधी कुणाच्या कुंपणातली जास्वंद, कधी कढीपत्ता, आणि एप्रिलमध्ये एक दिवस कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी.

"नॅशनल पार्कच्या पोटातलं आहे. पिऊन बघा."

मी प्यायलो. पाण्यासारखं लागलं. आईने मात्र एक घोट घेऊन डोळे मिटले. "अगदी आमच्या गावच्या विहिरीचं!" त्या घोटाबरोबर माझी पहाटेची झोप गेली.

"पावणेपाचला निघा," नाना म्हणाले, "झरा पाचला येतो."

झरा येतो! ही नळाची भाषा मला तेव्हाच खटकायला हवी होती. पण पावणेपाचला माणसाला काही खटकत नाही. दोन हातांत दहा-दहा लिटरचे कॅन, डोक्यात फक्त बिबट्या.

रस्त्याकडेच्या दगडी भिंतीच्या फटीतून पाणी येत होतं. कुणीतरी तिथे पीव्हीसी पाईपचा तुकडा खोचून भोवती सायकलची जुनी ट्यूब आवळली होती. वर हळदकुंकू, झेंडूची माळ आणि लॅमिनेट केलेला कागद: 'चपला काढून पाणी भरावे.' खाली रांग. रांगेत कळशा, जार, तेलाचे डबे आणि सगळ्यांत पुढे एक वीट. वीट आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंची. काकू साडेपाचला उगवायच्या, वीट आदल्या रात्रीपासून उभी.

"काकू, पहिला मी आलोय."

"तुम्ही आलात हो, पण वीट तुमच्याआधीची आहे."

यावर उत्तर नसतं. मी अनवाणी उभा राहून नानांचं व्याख्यान ऐकायचो. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, ही मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांची सालं नाना पाढ्यांसारखी म्हणतात. त्यांच्या मते तुळशीचं पाणी डोंगरातून झिरपत मुलुंडला येत होतं. नातवाकडून मागवलेला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, त्यांनी एकदा धारेखाली धरला. बासष्ट! रांगेत टाळ्या पडल्या. मी तो मीटर दोन मिनिटांसाठी उसना घेतला आणि घरी स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरला. बासष्ट.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. आमच्या काळ्या कातळातले झरे पावसानंतर वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. हा ऐन मे महिन्यात धो धो. शिवाय साडेआठच्या ठोक्याला बंद, म्हणजे आमच्या टाकीत येणारं पाणी बंद होतं तेव्हाच.

"निसर्गालाही शिस्त असते," नाना म्हणाले.

५ जूनला मुंबईत दहा टक्के पाणीकपात लागली. झऱ्यालाही लागली. धार करंगळीएवढी झाली. "उन्हाळा आहे, आटणारच." जुलैत मुलुंड तुंबलं, डोंगरावरून ओहोळ धावले, आणि झरा तस्साच करंगळीएवढा. "पाणी मुरायला वेळ लागतो." २९ जुलैला कपात उठली आणि त्याच पहाटे धार मनगटाएवढी! नानांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

सांगणार कुणाला? पंचाहत्तरीच्या माणसाला, अनवाणी उभं राहून, की नाना, हे तलावाचंच आहे, पण डोंगरातून नाही, पाईपातून आलंय? फुटक्या पाईपाची गंमत अशी की पाणी वाहतं तेव्हा ते बाहेर गळतं आणि पुरवठा थांबला की आजूबाजूचा चिखल आत ओढला जातो. म्हणजे पहाटे पाचची पहिली धार, जी मिळवण्यासाठी वीट रात्रभर उभी राहायची, तीच सगळ्यांत वाईट. मी घरी येऊन ते पाणी गुपचूप उकळायचो, गार करायचो आणि माठात ओतायचो. आई म्हणायची, "उकळलेल्या पाण्याला ही चव येत नाही बघ."

शेवटी एका दुपारी गॅलरीचं दार लावून महापालिकेच्या १९१६ वर फोन केला. आवाज इतका बारीक काढला की पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारलं, "गळती कुठे आहे, साहेब? घरात?"

चार-पाच दिवसांत माणसं आली. खणलं, पाईपला क्लॅम्प बसवला, बुजवलं, गेली. दुसऱ्या पहाटे पीव्हीसीच्या तुकड्यातून एक मुंगी बाहेर आली. रांग साडेसहापर्यंत उभी होती. काकूंनी वीट उचलली आणि पदराखाली घेतली. नाना कोणाशी बोलले नाहीत. मला रात्री झोप लागली नाही.

दोन दिवसांनी पाचला बेल वाजली. दारात नाना, अंगावर नुसता बनियन.

"खाली चला. चमत्कार आहे."

आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत वर्षानुवर्षं पाणी रडत यायचं. आता असं कोसळत होतं की झाकण थरथरत होतं. गळती बुजली, दाब वाढला, एवढंच. मी तोंड उघडणार तोच नानांनी हात वर केला.

"भिंतीतून गेला तो इथे आला. शेवटी आपल्यालाच जवळ केलं त्याने."

टाकीच्या झाकणावर हळदकुंकू होतं. सोसायटीच्या पाण्याच्या मीटरला झेंडूची माळ. शेजारी काकूंची वीट.

मी वाकून आत बघायला गेलो.

"अहो, चपला," नाना म्हणाले.