म्हणे कॉफीसारखीच!

कॉफीऐवजी प्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनकॅफीनच्या पावडरीच्या पाकिटावर 'अगदी कॉफीसारखीच चव' असं छापणाऱ्या माणसाला मला एकदा समोर बसवायचंय. त्याचाच माल त्याला करून द्यायचा आणि म्हणायचं, घ्या, आता तोंड वाकडं न करता सगळा कप संपवा.

कॉफी सोडायला माझी ना नव्हती. रात्री दोन वाजले तरी डोळे टक्क उघडे, छातीत धडधड. डॉक्टर म्हणाल्या, कॅफीन बंद करून बघा. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे ऑफिसात पाचला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं रात्री दहालाही अंगात असतं. पटलं, सोडली. पहिले काही दिवस डोकं इतकं ठणकलं की घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात बस अडकली आणि मागून कोणी हॉर्न दाबला की रडू फुटायचं. तेही सोसलं. माझा राग आहे तो त्यानंतर गळ्यात मारलेल्या वस्तूंवर.

आधी माणसं घ्या. "कॉफी सोडलीस? बरं केलंस बाई. थांब, चहा टाकते." अहो, चहातही तेच असतं! कमी असतं, पण असतं. हे सांगितलं की समोरचीचा चेहरा असा पडतो, जणू मी तिच्या माहेराला नावं ठेवली. राम मारुती रोडजवळच्या एका कॅफेत विचारलं, कॅफीन नसलेलं काय मिळेल? पोराने ऐटीत 'हर्बल'चं पान उघडलं. ग्रीन टी, माचा, काश्मिरी कहवा. तिन्हींत चहाचीच पानं! "मॅडम, ग्रीन टी में कैफीन नहीं होता, हेल्दी होता है." डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, नव्हतंच. असतं तरी डिकॅफमध्ये थोडं कॅफीन उरतंच. शेवटी गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायले आणि त्याचे एकशे ऐंशी रुपये मोजले. दुकानात मिळणारा तुळशीचा चहाही त्याच माळेतला. पुढे भलंमोठं तुळशीचं पान आणि मागे मुंगीच्या अक्षरात घटक: ग्रीन टी. तुळशीत कॅफीन नाही हो, पण तुम्ही तिला एकटीला राहू देता का?

पण खरी चीड आणली ती चिकोरीने.

आपल्याकडे फिल्टर कॉफी पिणाऱ्याला चिकोरी नवी नाही. माटुंग्याला पावडर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतोच, ऐंशी-वीस देऊ की सत्तर-तीस? त्यातला दुसरा आकडा चिकोरीचा. भाजून दळलेलं मूळ ते, कॅफीन अजिबात नाही. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. आजवर ती घालायचे कशासाठी? स्वस्तात रंग यावा, दाटपणा यावा म्हणून. चिकोरी जास्त तर पावडर स्वस्त, हा साधा हिशेब शाळकरी पोराला कळतो. आणि आता तीच चिकोरी, कॉफी पूर्ण काढून टाकून, सुंदर डब्यात भरून, कॉफीपेक्षा महाग? शंभर ग्रॅमला साडेचारशे रुपये? म्हणजे भेसळ वेगळी काढली आणि भेसळीचाच भाव वाढवला!

वर डब्यावर 'फ्रेंच परंपरा'. कसली परंपरा? १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली, कॉफी मिळेनाशी झाली आणि लोक चिकोरीवर भागवायला लागले. नाइलाज होता तो! आणि हे मूळ काही पॅरिसहून विमानाने येत नाही, आपल्या गुजरातेत, उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. शिवाय चिकोरीत इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो आतड्यात आंबतो आणि गॅस करतो. एक कप ठीक. दोन मोठे कप पिऊन भर मीटिंगमध्ये बसून बघा, मग मला सांगा 'पचनाला उत्तम' कोणी छापलं ते.

धान्यवाल्यांचंही तेच. जव, राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) भाजून केलेली 'ग्रेन कॉफी'. जवाला मी नावं ठेवत नाही. भाजले की वास छान सुटतो, आणि इटली-जपानमध्ये लोक ते भाजके जव आवडीने पितात. पण 'सर्वांसाठी सुरक्षित' म्हणता आणि जवात, रायमध्ये गव्हासारखंच ग्लुटेन हे प्रथिन असतं हे डब्याच्या बुडाशी छापता? गहू ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी काय भिंग घेऊन बाजारहाट करायचा?

सासूबाईंनी एकदा त्यातली चिमूटभर चाखली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर जळकं सातूचं पीठ." जायफळ घातलेली, दुधातली कॉफी वर्षानुवर्षं करणारी बाई आहे ती. तिने ते पातेल्यात दूध-साखर-जायफळासकट उकळूनही बघितलं. जायफळ छान लागलं.

आता मी जांभळी नाक्यावरून पावशेर जव आणते आणि लोखंडी कढईत काळपट होईपर्यंत भाजते. घरभर धूर होतो, एक्झॉस्ट लावला तरी शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारतात, काही लागलंय का खाली. पैसे मात्र त्या डब्याच्या मानाने काहीच पडत नाहीत. परवा त्यांनाही कपभर दिलं. लगेच प्रश्न, "कॉफीसारखं लागतं का गं?"

नाही लागत हो! जवासारखं लागतं, आणि तसंच लिहून विकायला यांची जीभ का अडखळते?