साधी गाठ होती, मग किडनी का काढली?

तासगावकर,

"काकांची किडनी कॅन्सर म्हणून काढली आणि रिपोर्टात ऑन्कोसायटोमा, म्हणजे साधी गाठ निघाली. ही फसवणूक नाही तर काय? तुम्ही मात्र डॉक्टरांना पाठीशी घालता," असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. राग समजतो. 'फसवणूक' मात्र पटत नाही.

मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट म्हणून स्लाइडी बघतो. माझ्यापर्यंत गाठ येते ती काढून झालेली. सुरी फिरवली की पुष्कळदा रंगच सांगून टाकतो. नेहमीचा क्लिअर सेल कॅन्सर आतून हळदीसारखा पिवळा, ऑन्कोसायटोमा गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी, मधोमध कधी पांढरट वण. सांगलीच्या यार्डात हळद-गुळात कुणाची गफलत होईल का? पण सीटी स्कॅनला रंग दिसत नाही. शिरेतून औषध सोडल्यावर गाठ उजळते का, एवढंच दिसतं, आणि दोन्ही उजळतात. वणावरही भरवसा नाही. कॅन्सरचा मधला भाग मेला की तोही तसाच दिसतो.

अँजिओमायोलायपोमा या किडनीच्याच दुसऱ्या साध्या गाठीचं त्यामानाने बरं. त्यातली चरबी सीटीवर शून्याखालचा आकडा दाखवते. चरबी कमी असली की तीही गाठ चकवतेच. मुतखड्याने वर्षानुवर्षं पू धरलेली किडनीसुद्धा कॅन्सरचं सोंग आणते.

"आधी सुई घालून बघायचं होतं," हे तुमचं निम्मं बरोबर. लेखात बायोप्सीला मी एकच ओळ दिली, ती माझी चूक. पण शेवईच्या तुकड्याएवढ्या नमुन्यात ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब हा किडनीचाच एक कॅन्सर इतके सारखे दिसतात, की सीके-7 सारखे खास स्टेन (पेशींचा प्रकार ओळखायचे रंग) लावूनही कधी कधी 'नक्की सांगता येत नाही' असंच मला लिहावं लागतं.

गाठ केवढी होती, हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावर आहे. 4 सेंमीपर्यंतच्या गाठींत साधारण पाचातली एक साधी निघते. तेवढीच आणि कडेला असेल, तर बहुतेकदा नुसती गाठ काढून किडनी राखता येते. वयस्कर माणसाच्या बाबतीत लक्ष ठेवूनही चालतं. हे काकांना कुणी सांगितलंच नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. पण 9 सेंमीची, मोठ्या शिरांना टेकलेली असेल, तर माझ्या सख्ख्या भावालाही मी 'काढ' म्हणालो असतो.

सीटीच्या रिपोर्टात माप असेल, ते बघून कळवा. आणि काकांना गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ देऊ नका. आता एकाच किडनीवर भार आहे.