‘एसएमएस वाचून आपोआप नोंद का नको?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं: खर्चाची बाकीची ॲप्स बँकेचे एसएमएस वाचून सगळं आपोआप भरतात. मग एकट्यानं ॲप बनवणाऱ्याला ‘ग्राहकाकडून स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) घ्या’ असं मी सांगणं म्हणजे त्याला मागे ढकलणं. मला हे पटत नाही.

हिशेबाच्या ॲपला आपला आकडा पडताळून दाखवता आलाच पाहिजे. एसएमएसवरून ते जमत नाही. काही बँका छोट्या यूपीआय रकमांचे संदेश पाठवतच नाहीत. संदेशाचा साचा न कळवता बदलतो, आणि हप्त्याची नुसती आठवणसुद्धा तुमचा रेजेक्स (मजकुरातून ठरावीक साचा शोधणारं सूत्र) खर्च म्हणून उचलतो. एखादी नोंद निसटली तर ॲपला ते कळत नाही. आयफोनवर तर ॲपला संदेश वाचताच येत नाहीत.

स्टेटमेंटमध्ये शिल्लकेचा रकाना असतो, आणि सगळी मदार त्याच्यावर आहे. प्रत्येक ओळीला आधीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च करून पाहा. उत्तर त्या ओळीतल्या शिल्लकेशी जुळलं नाही तर आयात तिथेच थांबवून ओळ क्रमांक दाखवा. जवळजवळ सगळ्याच ओळी चुकल्या तर बहुधा यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली असते. ती उलटी करून पुन्हा तपासा. रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा. फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात, ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत आणि ही तपासणी विनाकारण अडते.

तीच शिल्लक दुबार नोंदीही पकडते. दुबार नोंद ओळखायला नुसती तारीख, रक्कम आणि तपशील यांचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) केलात, तर एकाच टपरीवर एका दिवशी दोनदा दिलेल्या २० रुपयांतली एक नोंद गायब होईल. हॅशमध्ये शिल्लकही घाला. यूपीआयच्या १२ आकडी संदर्भ क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका. परत आलेल्या पैशांच्या ओळीतही तोच क्रमांक असू शकतो.

‘बँकच थेट जोडा’ हेही तुम्ही सुचवलंत. अकाउंट ॲग्रिगेटरची, म्हणजे ग्राहकाच्या संमतीनं बँकेची माहिती दुसऱ्या संस्थेला पोचवणारी, व्यवस्था २०२१पासून सुरू आहे आणि चांगली आहे, पण तिच्यातून माहिती घ्यायला रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या वित्तीय नियामकाकडे नोंदणी लागते. एकट्या प्रोग्रामरकडे ती नसते. नेटबँकिंगचा पासवर्ड मागून स्टेटमेंट खेचणं हा तर पर्यायच नव्हे.

महिनाअखेरपर्यंत ताजा खर्च दिसत नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी अँड्रॉइडवर एसएमएस जरूर वाचा, पण ती नोंद ‘कच्ची’ ठेवा. गूगल प्लेकडे त्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तेव्हा पहिली आवृत्ती तिच्याशिवाय चालेल अशीच बांधा. स्टेटमेंट आलं की तेच खातं, तीच रक्कम आणि दोन-तीन दिवसांच्या फरकातली तारीख पाहून कच्ची नोंद पक्कीत मिळवा. जी जुळणार नाही ती परस्पर पुसू नका, ग्राहकाला विचारा.