गोळी घ्यायला ती एकटीच येते

पुढे काही ठरलेलं नसताना, नीट ओळखही नसताना कुणाशी शरीरसंबंध ठेवायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. सज्ञान माणसाला पाप-पुण्य शिकवायला मी ही पोस्ट लिहीत नाही. पण जळगावात कॉलेजच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे, आणि काउंटरच्या या बाजूने जे दिसतं ते आता बोलायलाच हवं असं वाटतं.

आमच्या भागात कॉट बेसिसवर राहणारी पोरं-पोरी चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, पार शहाद्याकडून आलेली. घरापासून पहिल्यांदाच लांब. त्यांच्यातली एखादी येते. तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे दिसतात. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर आधी डोकेदुखीची गोळी मागते. ते गेलं की मोबाईल पुढे करते, स्क्रीनवर ७२ तासवाल्या गोळीचं नाव, म्हणजे संबंधांनंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या गोळीचं. मी विचारते, किती तास झाले? ती बोटांवर मोजते. तो कधी बाहेर गाडीवर बसलेला असतो, गाडी बंदही न करता. बऱ्याचदा तोही नसतो.

या गोळीवर पोरींचा फार भरवसा असतो, म्हणून नीट सांगते. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, १.५ मिलिग्रॅम. ते बीज बाहेर पडणं लांबवतं. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ७२ तास ही शेवटची हद्द आहे, जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. गोळी घेतल्यानंतर ठेवलेल्या संबंधांना ती लागू नाही. पाळी पुढेमागे होते, आणि आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासणी करायलाच हवी.

संबंधांतून होणाऱ्या आजारांचं कुणी विचारतच नाही. सगळी भीती दिवस राहण्याची. क्लॅमिडिया आणि गनोरिया बायकांमध्ये बऱ्याचदा काही लक्षण न दाखवता राहतात आणि उपचार झाला नाही तर गर्भनलिका खराब करू शकतात. मूल हवं असतं तेव्हा कळतं. सिफिलिसची जखम दुखत नाही, आपोआप भरते, माणूस म्हणतो बरं झालं, आणि आजार आतच असतो. एचआयव्हीची टेस्ट दुसऱ्या दिवशी करून निगेटिव्ह आली म्हणून निवांत होणारे मी पाहिलेत. नव्याने झालेला संसर्ग इतक्या लवकर दिसत नाही. सल्ला घेऊन पुन्हा तपासावं लागतं, तीन महिन्यांपर्यंत. धोका मोठा वाटत असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जावं. संसर्ग टाळायची औषधं असतात, ती २८ दिवस घ्यावी लागतात. कंडोमने बराच धोका टळतो, पण एचपीव्ही हा विषाणू आणि जननांगावरचं हर्पिस यांच्यापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. ‘त्याला आवडत नाही’ हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा संताप येतो.

मनाचं सांगते, कारण ते मला जास्त छळतं. काही आठवड्यांनी एखादी झोपेची गोळी मागते. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, पण स्टुलावर बसवते. ‘काकू, आम्ही दोघांनी ठरवलं होतं, सिरियस व्हायचं नाही. मग मला रडू का येतं?’ त्याने मेसेज वाचलाय, निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. रडू येणं हा तिचा कमकुवतपणा नाही. ठरवलेलं डोकं विसरत नाही, पण जवळीक झाल्यावर जीव गुंततो, आणि कुणाचा किती गुंतेल हे आधी ठरवून होत नाही. सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणणार नाही, काहींना खरंच काही वाटत नाही. पण आपण कोणत्यातले, याचा विचार शुद्धीत, एकटं बसून करावा, दोन पेग पोटात गेल्यावर नाही. त्यातून आपलं गाव. बसस्टँडवर गल्लीतलं कुणीतरी भेटतंच, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जमलेल्या बायकांत विषय निघेल या भीतीनेच पोरगी घरी जायचं टाळते.

पोरांचं कुणी बोलत नाही. तेही येतात, ‘कमजोरी’ची गोळी मागतात, हात थरथरत असतात. मित्रांना फुशारकी ऐकायची असते, त्यांना धास्ती सांगता येत नाही. त्यांनाही अपराधी वाटतं, त्यांनाही आजार होतात.

आणि मोबाईल. १९९४ मध्ये याच जळगावात मुलींचे फोटो काढून त्यांना धमकावल्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा कुणाच्या खिशात कॅमेरा नव्हता. आज प्रत्येकाच्या आहे. फोटो-व्हिडिओला नाहीच म्हणा, माणूस कितीही चांगला वाटो. कुणी धमकावलं तर पैसे देऊ नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा.

माझं मत सरळ आहे. ज्याच्याशी कंडोमबद्दल, तपासणीबद्दल बोलायला जीभ रेटत नाही, ज्याला दुसऱ्या दिवशी ‘माझ्यासोबत मेडिकलवर चल’ म्हणता येत नाही, त्याच्यासोबत झोपू नका. हे पोरांनाही तितकंच लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीची ‘हो’ कायद्यात धरली जात नाही, हेही त्यांनी लक्षात ठेवावं.

दिवस राहिलेच तर मित्राने कुठून तरी आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर आतल्या आत रक्तस्राव होऊन जिवावर बेततं. डॉक्टरकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की गर्भपाताच्या कायद्यात अविवाहित बाईलाही विवाहितेइतकाच हक्क आहे, आणि अठरा पूर्ण असतील तर तिची स्वतःची संमती पुरते. सिव्हिलमध्ये एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ या एचआयव्ही-एड्सच्या हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारताही येतं. माझ्याकडे यायचं असेल तर दुपारी दोन ते चार या, तेव्हा दुकानात गर्दी नसते.