उणे तीन मोटारी

ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं असा ऑफिसला संशय असतो, त्याच्या वाट्याला कधी ना कधी तुलनेचं काम येतंच. डावीकडे हे सॉफ्टवेअर, उजवीकडे ते सॉफ्टवेअर, आणि तळाशी ‘शिफारस’ नावाचा रकाना. त्यात काहीही लिहा, घेतलं जातं ते आधी ठरलेलंच. माझ्या वाट्याला आलेली जोडी मात्र खास होती. डेटा सायन्सवाले कोड लिहायला वापरतात ते नोटबुक आणि स्टोअरवाले मालाचा हिशेब ठेवायला वापरतात ती इन्व्हेंटरी सिस्टीम.

“दोन्हींत आकडेच असतात ना?” साहेब म्हणाले. “मग दोन-दोन कशाला पोसायची?”

नोटबुक फुकट मिळतं, असं मी सांगितलं. त्यावर साहेबांचा नोटबुकावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

खरं तर नोटबुकाचं कुळ चांगलं आहे. फर्नांडो पेरेझ नावाच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने २००१ साली पीएचडीचा प्रबंध बाजूला सारून आयपायथॉन, म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम सोपं करणारं साधन, लिहायला घेतलं. प्रबंध टाळण्यासाठी माणूस काय काय करतो, त्यातलं हे सर्वांत उपयोगी म्हणायला हवं. २०११ साली त्याचं ब्राउझरमधलं नोटबुक आलं आणि २०१४ साली त्यातून ज्युपिटर प्रकल्प निघाला. कल्पना सुरेखच होती. कोड, आकडे, आलेख आणि त्यांवरचं भाष्य एकाच पानावर, म्हणजे वाचणाऱ्याला सगळा विचार वरून खाली उलगडत जावा.

वरून खाली, हे महत्त्वाचं. नोटबुकात एकाखाली एक सेल, म्हणजे कोडचे चौकटीतले तुकडे, असतात आणि प्रत्येकाच्या डावीकडे चौकोनी कंसात आकडा येतो. तो सेल कितवा चालवला गेला, हे त्यावरून कळतं. एका सहकाऱ्याने मला नमुन्यादाखल दिलेल्या फाइलीत पहिल्या सेलपुढे ४१ होते, दुसऱ्यापुढे ७, तिसऱ्यापुढे ४२ आणि चौथ्यापुढे नुसताच रिकामा कंस. वरून वाचू की सातपासून, असं मी विचारलं.

“तू आउटपुट बघ ना,” तो म्हणाला.

त्याहून गमतीचा प्रकार पुसलेल्या सेलचा. सेल पानावरून काढून टाकला, तरी त्यात जन्मलेलं व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेली किंमत, कर्नलच्या (मागे बसून कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेमरीत सुखरूप असतं. पटावरून नाव काढलेल्या मुलाने रोज हजेरीला ‘हजर’ म्हणत राहावं, तसं. खालचा सगळा हिशेब त्याच्याच जिवावर चालतो, आलेख देखणे येतात, मीटिंगमध्ये माना डोलतात. दुसऱ्या दिवशी कर्नल नव्याने सुरू केलं की लाल अक्षरांत नेमएरर येतो : ‘सेफ्टी_स्टॉक’ कोण, आम्ही ओळखत नाही. मग तो सेल कोणी पुसला याची चौकशी सुरू होते आणि त्या दिवशी ऑफिसात कोणीच नव्हतं असं निष्पन्न होतं.

हे फक्त आमच्याकडे होतं असं समजू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा केली आणि त्यांतली चालवण्याजोगी होती ती चालवून पाहिली. न अडखळता शेवटापर्यंत पोचली साधारण २४ टक्के. मूळ लेखकाला मिळालं होतं तेच उत्तर पुन्हा देणारी निघाली जेमतेम ४ टक्के. माझ्या तक्त्यात ‘विश्वासार्हता’ असा रकाना होता. तिथे मी ‘लेखक शेजारी बसल्यास उत्तम’ असं लिहिलं.

इन्व्हेंटरी सिस्टीमचा स्वभाव याच्या बरोबर उलटा. तिथे काहीच पुसता येत नाही. आवक १ ऐवजी १० पडली, तर वरचं शून्य खोडायची सोय नाही. आधी त्या जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीची, उलटी नोंद करा, तिला एक नवा नंबर मिळतो. मग बरोबर नोंद करा, तिला आणखी एक. मध्येच सिस्टीम कारण विचारते. कारणांची यादी लांबलचक आहे : माल खराब, माल परत, मोजणीत फरक, आणि अगदी तळाशी ‘इतर’. आमचं सगळं स्टोअर ‘इतर’वर चालतं. हे सगळं महिना बंद व्हायच्या आत उरकायचं. एकदा पिरियड बंद झाला की मागच्या महिन्यात शिरायला थेट अकाउंट्सची परवानगी लागते, आणि अकाउंट्सवाले आधी विचारतात की कारण ‘इतर’ म्हणजे नेमकं काय?

ऑडिटच्या दृष्टीने हे योग्यच आहे, मलाही पटतं. पण याच शिस्तशीर सिस्टीमने उणे तीन मोटारी (यंत्रं फिरवणाऱ्या, रस्त्यावरच्या नव्हेत) दाखवल्या, त्याचं काय? झालं होतं असं : माल उशिरा उतरला, घाई होती म्हणून तीन मोटारी थेट लाइनवर गेल्या, त्यांची जावक लगेच पडली आणि आवकेचे कागद एका सहीसाठी टेबलावर अडकले. सिस्टीमने मुकाट्याने शून्यातून तीन वजा केले. मी स्टोअरमध्ये जाऊन तिथलं काम पाहणाऱ्या काकांना विचारलं, “रॅकवर किती आहेत?”

“एकही नाही.”

“सिस्टीम उणे तीन म्हणतेय.”

“मग तीन जास्तच आहेत म्हणा की,” काका म्हणाले.

हिशेब बरोबर होता. साहेबांना सांगितलं तर ते चक्क खूश झाले. त्याच आठवड्यात कोणीतरी २५ मीटर केबल देऊन सिस्टीममध्ये २५ रोल दिल्याची नोंद केली होती. तो विषय मी त्यांच्यापुढे काढलाच नाही.

एका वेळी किती माल मागवावा, याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ सालीच मांडून ठेवलंय. वर्षाची मागणी, एका ऑर्डरीचा खर्च आणि एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, एवढं माहीत असलं की वर्गमूळ काढायचं आणि उत्तर तयार. आमच्याकडे या तिन्हींपैकी एकाही आकड्यावर दोन माणसांचं एकमत नाही. वर्गमूळ मात्र नोटबुक दशांशाच्या आठव्या स्थळापर्यंत बिनचूक काढून देतं.

खरा छळ सुरू झाला तो या दोघांची गाठ घालून द्यायची वेळ आली तेव्हा. सिस्टीममधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, काढायची आणि ती नोटबुकात वाचायची, इतकं सोपं. सिस्टीममध्ये आयटमचा कोड ०००४१७. नोटबुकातल्या पांडास या तक्ते वाचणाऱ्या लायब्ररीने तो वाचला, ही संख्या आहे असं परस्पर ठरवलं आणि पुढची शून्यं गाळून ४१७ करून टाकला. शून्यं राखलेल्या दुसऱ्या यादीशी जुळवायला गेलं की एकही ओळ जुळत नाही. कोड म्हणजे मजकूर आहे, संख्या नाही, हे त्याला वाचण्याआधी बजावून सांगावं लागतं. त्यातून फाइल वाटेत कोणी ‘नुसती बघायला’ म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल, तर मार्च-५ नावाचा ब्रॅकेट (आधाराला लावायचा सुटा भाग) पाच मार्च ही तारीख होऊन येतो. एक्सेलपुढे शास्त्रज्ञांचंही काही चाललेलं नाही. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशा तारखा होणाऱ्या जनुकांची नावंच बदलली आणि २०२० साली तसे नियम जाहीर केले. आधी जनुकं बदलली, एक्सेलमध्ये ही खोड बंद करायची सोय आली ती २०२३ साली. आमचा ब्रॅकेट कोण बदलणार?

तर ती शून्यं परत लावून, तारखांचे पुन्हा ब्रॅकेट करून, मागणीचा अंदाज एकदाचा निघाला. त्यात एका गॅस्केटची पुढच्या तिमाहीतली मागणी शून्य आली होती. आलेख मागचे कितीतरी आठवडे जमिनीला चिकटून सरळ गेलेला. साहेबांनी लगेच लाल पेनने गोल केला : हा आयटम यादीतून काढा, जागा मोकळी होईल. तो प्रिंटआउट घेऊन मी स्टोअरमध्ये गेलो.

काकांनी चष्मा वर करून आलेख नीट पाहिला. “मागणी शून्य नव्हती, माल शून्य होता. रोज कोणी ना कोणी येऊन विचारायचा, मी परत पाठवायचो.”

“पण मग ते सिस्टीममध्ये का नाही टाकलंत?”

“काय टाकणार? जावक टाकायला माल लागतो.” काकांनी कागद माझ्या हातात परत दिला. “रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला आयटम कोड काढून द्या, उद्यापासून टाकतो.”