जेवणातून दिलेली गोळी

मानसिक आजाराच्या पेशंटला त्याच्या नकळत जेवणातून औषध देणं आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात काही गैर असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मला ते बरीच वर्षं खुपतंय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी घरच्यांबद्दल. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजारात, कित्येकांना आपण आजारी आहोत हेच पटत नाही. हा हट्टीपणा नसतो, आजारच तसा असतो. मुलगा रात्ररात्र जागतो, शेजाऱ्यांच्या अंगावर धावून जातो, दवाखान्याचं नाव काढलं की दार लावून घेतो. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. अशा घरातली आई गोळी कुटून आमटीत घालते तेव्हा तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या शुभंकरांच्या, म्हणजे पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, बैठकीत तर याच्या युक्त्या एकमेकींना सांगितल्या जातात. आमटीत कडवट लागते, ताकात कळत नाही. एक मावशी मुलाची वाटी वेगळी ठेवतात, तो उठला की लगेच स्वतः विसळतात. धाकटीने चुकून उरलेलं तोंडात घातलं तर, ही धास्ती त्यांना रोज दोन्ही वेळेला असते.

आता त्या मुलाच्या जागी बसून बघा. "माझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय," असं तो डॉक्टरांना सांगतो. केसपेपरवर संशय, भ्रम अशी नोंद होते. पण त्या घरात ते खरं आहे! आणि ते करणारी माणसंच त्याला "काहीतरीच काय बोलतोस" म्हणून गप्प करतात. ज्या भीतीने त्याला पोखरलंय, तिला आपण आपल्या हाताने पुरावा देतो. एक दिवस त्याला ताकाच्या तळाशी पांढरा चुरा दिसतो. मग औषध तर सुटतंच, घरचं जेवणही सुटतं.

शरीराचे हाल वेगळेच. हॅलोपेरिडॉलने कधी कधी मान एकाएकी वाकडी होते, डोळे वर चढतात. कारण माहीत असलेला पेशंटही त्यात घाबरतो, मग ज्याला आपण औषध घेतोय हेच ठाऊक नाही त्याचं काय होत असेल? लिथियमचं रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, क्लोझापिन सुरू असेल तर पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. रक्त नकळत कसं काढणार? काही गोळ्या कुटायच्याच नसतात. रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात मिसळू नये असं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, आणि आपल्याकडे हमखास चहातूनच दिलं जातं. सगळ्यात जास्त संताप मला सुनेला दुधातून व्हॅल्प्रोएट देण्याचा येतो. या औषधाने गर्भाच्या मेंदूत आणि कण्यात व्यंग येऊ शकतं. दिवस राहू द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या बाईलाच याचा पत्ता नाही. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" या भिंतीवरच्या जाहिरातीही त्याच माळेतल्या. दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम पोटात असताना माणूस दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. प्रत्येक माणूस स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेऊ शकतो, असं तो धरूनच चालतो. निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून ती क्षमता नाही असं ठरत नाही. क्षमता खरोखर नसेल तर वाट आहे. दोन जाणकार स्वतंत्रपणे तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावाच लागतो, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे या कायद्याखाली पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या, अर्जावर कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत रुग्णालयात दाखल करता येतं. जबरदस्ती त्यातही आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. पण ती उघड आहे. आपल्याला काय केलं जातंय हे पेशंटला कळतं आणि तो याच कायद्याखालच्या पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो. ताकातल्या गोळीविरुद्ध त्याने कुठे जायचं?

माझा राग डॉक्टरांवर आहे. पेशंटला एकदाही न बघता, फक्त नातेवाइकांच्या सांगण्यावरून "हे थेंब पाण्यातून द्या, कळणार नाही" म्हणणारे कमी नाहीत. ओपीडीतली गर्दी मला मान्य आहे. पण नकळत औषध देण्यावाचून खरंच गत्यंतर नसेल, तर ते का, कुणी द्यायचं, किती दिवस आणि पेशंटला कधी सांगायचं, हे केसपेपरवर लिहा. हा शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कुणाच्या डोक्यातच नसतो. जरा बरं वाटलं की "आता कशाला सांगायचं, चाललंय ना नीट" म्हणत वर्षं निघून जातात.

माझ्या ओळखीच्या एका घरात वडिलांनी डॉक्टरांसमोर मुलीला सांगून टाकलं. ती प्रचंड चिडली, बरेच दिवस बोलली नाही. आज रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन स्वतः जाऊन घेते. आईच्या हातचं मात्र अजून खात नाही, स्वतःचं स्वतः रांधते. ही किंमतही त्या घराने मोजली आहे, पण गोळी लपवणं तिथे संपलं.

तुमच्या घरी हे चालू असेल तर पोस्ट वाचून आजच्या आज बंद करू नका. औषध एकदम तोडलं की आजार उलटतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आम्ही जेवणातून देतोय, आणि महिन्याच्या इंजेक्शनबद्दल विचारा. जवळपास कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.